दोन चकत्यांचं घड्याळ

सातारा, रविवार, १७ फेब्रुवारी १९४६

ही वही शाळेच्या टाचणांसाठी आणली होती. तीन पानं टाचणांत गेली. पुढची माझ्यासाठी ठेवते. मनातलं बोलायला घरात माणसं दोनच, आणि मनात असतं ते त्या दोघांबद्दलच.

काल मोठ्या बाईंना भेटले. आमच्या शाळेचा जुना शिपाई एप्रिलअखेर काम सोडतोय, गुडघे गेले त्याचे. त्याचं मुख्य काम घंटा देणं. मी म्हटलं, ते काम माझ्या भावाला द्या.

मोठ्या बाई चष्मा पुसत म्हणाल्या, “बनुबाई, आपली घंटा म्हणजे रुळाचा तुकडा. तो कोणीही बडवील. केव्हा बडवायचा हा प्रश्न आहे. त्यांना वेळ कोण सांगणार? तुम्ही वर्ग टाकून धावत येणार?”

“त्याची वेळ तोच बघेल,” मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं.

बाईंनी चष्मा घालून माझ्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाल्या, “एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात सहा दिवस देते. दिवसाला नऊ घंटा. कोणी सांगायचं नाही, कोणी कुजबुजायचं नाही. जमलं तर जूनपासून नेमणूक.”

हंबीरदादाचे दोन्ही डोळे इटलीत सुरुंगात गेले. नंतर आठ महिने तो डेहराडूनला लष्कराच्या अंधशाळेत होता. जानेवारीत घरी आला. आबा कोरेगावाकडे गावी शेतावर असतात. आई, दादा आणि मी इथे मंगळवार पेठेत दोन खोल्यांत. दादाचा पगार घरी यायचा म्हणून मी सांगलीला चार वर्षं शिकले आणि आमच्या घरातली पहिली बी. ए. झाले. हे वाक्य लिहायला सोपं आहे.

दादाला घंटेचं सांगितलं. तो खाटेची नवार ओढत होता. म्हणाला, “घंटा व्हय? बरं.”

गुरुवार, २१ फेब्रुवारी

शाळा सुटल्यावर दादाला घेऊन मोती चौकात चांदसाहेबांच्या दुकानी गेले. साठीचं माणूस, घड्याळं दुरुस्त करतात, डोळ्याचं भिंग कपाळावर ढकलून बोलतात.

मी म्हटलं, “चाचा, बोटानं वाचता येईल असं घड्याळ हवं.”

त्यांनी एका गजराच्या घड्याळाची काच काढून दादाच्या हातात दिलं. दादाने अंगठा फिरवला. मिनिटकाटा वाकला आणि तासकाट्यात अडकून बसला.

“बघा,” चांदसाहेब म्हणाले, “काटा म्हंजी गवताची काडी. नजरंसाठी केलेला. बोट लागलं की मेला.”

“मग काय करायचं?”

“लढाईच्या आधी परदेशातनं येत हुती म्हणं तसली घड्याळं. मी काय बघितलं न्हाई. तुमी शिकल्यासवरल्या, तुमी काढा युक्ती. मी चाकं सांभाळतो.”

येताना मी दादाचा हात धरला होता. तो म्हणाला, “बने, एवढा घट्ट नगं. डेहराडूनला शंभर माणसं हुतो, कुणी कुणाचा हात धरत नव्हतं.” ऐकून वाईट वाटलं. तिथे कोण धरणार? मी विषय बदलला.

रविवार, २४ फेब्रुवारी

युक्ती सापडली. पहाटे आई दळत होती. जात्याची वरची अख्खी तळी फिरते, खुंटा तिच्यावर एकाच जागी रोवलेला. खुंट्याला कितीही जोर लावा, तो वाकत नाही, कारण तो एकटा नाही. घड्याळाला काटे हवेत कशाला? दोन गोल चकत्या बसवायच्या. एक तासाची, एक मिनिटाची. प्रत्येकीवर काठाशी एकच उंचवटा. चकती फिरेल, उंचवटा फिरेल, बोट त्याला चाचपेल. बाहेरच्या तबकडीवर बारा टिपके. बाराला तीन, तीन-सहा-नऊला दोन-दोन, बाकीच्यांना एकेक.

सकाळीच कागदावर काढून चांदसाहेबांकडे नेलं. मी मिनिटाची चकती मोठी काढली होती, मिनिटकाटा लांब असतो म्हणून.

“बाई,” ते म्हणाले, “मिनिट वर बसतं, तास खाली. वरची परात मोठी केली तर खालची वाटी बोटाला लागंल कशी?”

मी ते खोडलं. खालची मोठी ती तासाची, वरची लहान ती मिनिटाची. सगळ्या घड्याळांच्या उलट. पण मनगटी घड्याळाला हे वजन ओढवणार नाही, खिशातलं मोठं, दणकट यंत्र लागेल. ते सांगलीला त्यांच्या चुलतभावाकडे, इमामकडे आहे.

रविवार, ३ मार्च

सांगलीला जाऊन आले. मिरजेला गाडी बदलायला दीड तास उभी होते. गणपती पेठेत इमामचं दुकान. यंत्र मिळालं, एका कंत्राटदाराचं जुनं स्विस. डबी नाही, तबकडी फुटलेली, पण टिकटिक भरीव. इमामने विचारलं, “कुणासाठी?” मी म्हटलं, “भाऊ पलटणीत होता.” त्याने ते जुन्या रुमालात बांधून दिलं आणि वर मिनिटाच्या दांड्यावर बसतील अशा पितळी नळीचे चार तुकडे टाकले.

एवढं साधं उत्तर. बेचाळीस साली याच गावात मी खादी नेसून मिरवणुकीत होते, आणि भाऊ काय करतो असं मैत्रिणींनी विचारलं तेव्हा पुण्यात व्यापार करतो म्हणून सांगितलं होतं. त्याच महिन्यात दादाला पत्र लिहिलं, इंग्रजांची चाकरी सोड. त्याचं उत्तर आलं होतं : ‘तुझी परीक्षा कवा हाय?’

परतीच्या गाडीत बसायला जागा नव्हती. पाय सुजलेत.

शनिवार, ९ मार्च

पितळी पत्र्यावर परकाराने वर्तुळ काढायचं, कात्रीने जरा बाहेरून कापायचं, मग कानशीने रेघेपर्यंत आणायचं. सांगायला तीन वाक्यं. सकाळी साडेपाच ते सात, उजेड होताच खिडकीत बसते. रॉकेल मिळत नाही म्हणून संध्याकाळी काम होत नाही, आणि तेव्हा वह्या तपासायच्या असतात. अठ्ठेचाळीस वह्या.

पाच चकत्या वाया गेल्या. कात्रीने पत्रा वाकतो. काचेवर ठेवला की एक कड उचलते. चांदसाहेब म्हणतात, नखभर वाकली तरी फिरताना दुसरीला घासणार.

आई म्हणाली, “बोटं बघ की तुजी. मास्तरीणबाईची हायत का लोहाराची?”

बुधवार, १३ मार्च

सहावी आणि सातवी चकती काचेवर सपाट बसली. डोळ्यांत पाणी आलं ते पितळेच्या भुग्याने असेल.

मंगळवार, १९ मार्च

मधलं छिद्र. एकदम मोठं पाडायचं नाही. लहान पाडून त्यात चौधारी सुई फिरवत फिरवत वाढवायचं, दर चार वेढ्यांनी नळी लावून बघायची. अर्धा वेढा जास्त झाला की चकती डुगडुगते, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. मी एक घालवली. चांदसाहेब रागावले नाहीत. म्हणाले, “मी पयल्या वर्षात साठ काटं मोडलं. माझ्या वालिदांनी मोजलं नव्हतं, मी मोजलं हुतं.”

नळी छिद्रात उभी धरून कथील वितळवून डाखायचं काम त्यांनी केलं. उंचवट्याच्या जागी कथलाचा एक-एक थेंब. थंड झाल्यावर मी डोळे मिटून बोट लावलं. मोहरीएवढा. स्पष्ट लागला.

रविवार, २४ मार्च

आज चकत्या बसवल्या. ज्योतिबा तांबटाने झाकणाची पितळी डबी करून दिली आहे, तिच्यात यंत्र बसवलं. आधी तासाची चकती तिच्या नळीसकट यंत्रावर ठेवून पोकळ दांडीने दाबायची. मग मिनिटाची. दोघींच्या मधून पतंगाचा कागद सरकला पाहिजे. दोन्ही उंचवटे बरोबर बाराच्या तीन टिपक्यांसमोर असताना दाबायचं. तिथे केसभर चुकलं तर साडेतीनला घड्याळ साडेतीन सांगणार नाही. माझी दांडी तिरपी होऊ लागली म्हणून चांदसाहेबांनी वरून बोट ठेवलं आणि म्हणाले, “आता श्वास सोडा, मग दाबा.”

सहा तास टेबलावर चाललं. दर तासाला मी डोळे बांधून वाचलं. सगळ्या वेळा बरोबर.

रात्री जेवताना दादाला सांगितलं. त्याने विचारलं, “आज टपाल आलं नव्हतं का?” पेन्शनच्या कागदांची त्याला काळजी असते. म्हटलं, आज रविवार.

गुरुवार, २८ मार्च

दादाने घड्याळ गोफाने गळ्यात घातलं आणि दोन दिवसांत सगळं बिघडलं. सकाळी लावून दिलेलं दुपारी बारा मिनिटं मागे. काल सतरा मिनिटं पुढे. टेबलावर ठेवलं की बरोबर. मला वाटलं दादा बोटाने ढकलतोय. बोलले त्याला.

“हलकं लाव ना रे दादा.”

“बोटाला डोळं व्हायला सांगतीस, आन हलकं बी व्हायला सांगतीस. एकानं किती नोकऱ्या करायच्या?”

आई हसली. मी हसले नाही. परीक्षेचे पेपर, घड्याळ, रेशनची रांग. आज रांगेत उभ्या उभ्या झोप लागली.

रविवार, ३१ मार्च

चूक दादाच्या बोटाची नव्हती, आमची होती. चांदसाहेबांनी घड्याळ खिळ्याला टांगलं, खालून टिचकी मारली, आणि मिनिटाचा उंचवटा सर्रकन सहाकडे घसरला.

“या खुदा,” ते म्हणाले आणि घड्याळ खिळ्यावरून काढलं. मग म्हणाले, “चाळीस वर्सं घड्याळ टेबलावर आडवं ठिवून तपासतोय बाई. माणूस उभा चालतो, ते इसरलो.”

कथलाचा थेंब जड. घड्याळ आडवं असलं तर काही नाही. छातीवर उभं लोंबलं आणि माणूस चालला की दर पावलाला थेंब चकतीला खाली ओढतो. थेंब सहाकडून बाराकडे चढताना घड्याळ मागे, बाराकडून सहाकडे उतरताना पुढे. वर पितळही जड. म्हणजे दोन्ही चकत्या टाकायच्या.

मी तिथेच स्टुलावर बसून राहिले. एप्रिलचा शेवटचा आठवडा तीन आठवड्यांवर आहे.

ज्योतिबा तांबट डबीचं सैल झाकण नीट करून द्यायला आला होता. त्याने चकती उलटसुलट केली. “वर कथील कशाला थापलं? मागनं ठोका की. आमी घंगाळावर फुलं उठवतो ती काय वरनं चिकटवतो व्हय?”

मागून ठोकलेल्या उठावाला वजनच नाही. आहे तोच पत्रा वर येतो. आणि पत्रा जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा घ्यायचा, पितळेच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा हलका. घरी येऊन आईच्या पिठाच्या डब्याचं जर्मनचं झाकण कापलं.

“झाकण कापलंस?” आई म्हणाली. “आता पिठात मुंग्या पडल्या की वेचत बस. बी. ए.ला शिकिवलं असंलच त्ये.”

शनिवार, ६ एप्रिल

दादाची पत्रं शाळेच्या पत्त्यावर येतात. आज डेहराडूनचं आलं, इंग्रजीत. आमच्याकडे ते माझ्याशिवाय कुणाला वाचता येत नाही.

वेताच्या खुर्च्या आणि नवार विणण्याच्या वर्गावर त्यांना शिकवणारा हवा आहे. दादाचं काम त्याच्या तुकडीत सगळ्यांत चांगलं होतं असं लिहिलं आहे. राहायची सोय तिथेच. एकतीस मेपर्यंत होकार कळवावा.

मधल्या सुट्टीत दोनदा वाचलं. इतक्या लांब, तीन दिवसांची गाडी. तिथे त्याला आजारपणात कोण बघेल? आणि आत्ता सांगितलं तर त्याचं मन दोन ठिकाणी होईल, सोळा दिवसांवर परीक्षा आहे. परीक्षा झाली की सांगते. पत्र टाचणांच्या पानांत ठेवलं आहे.

दादाने विचारलं, “टपाल?”

मी म्हटलं, “पेन्शनचं नाही आलं.” हे खोटं नाही.

बुधवार, १० एप्रिल

जर्मनला डाख बसत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. नळी चिकटवायची कशी? चांदसाहेबांनी नळीची कड छिद्रातून केसभर वर काढली आणि टोकदार खिळा मध्ये धरून हलकेच ठोकली. कड फाकली, चकतीला आवळून बसली. तीन ठोके. चौथा मारला असता तर नळी चिरली असती, असं ते नंतर म्हणाले. आधी सांगितलं असतं तर मी डोळे मिटले असते.

उठाव मी स्वतः काढले. चकती शिशाच्या लादीवर पालथी घालायची, बोथट खिळा धरायचा, एक ठोका. दुसरा ठोका मारायचा नाही, उठाव फाटतो.

रविवार, १४ एप्रिल

चकत्या बसल्या. घड्याळ खिळ्याला टांगून पाच तास ठेवलं, टिचक्या मारल्या, दादाच्या गळ्यात घालून त्याला चार भिंतींच्या टेकडीपर्यंत चालवलं. फरक एक मिनिट. बोटाने सरकू नये म्हणून चांदसाहेबांनी मिनिटाची नळी आतल्या दांड्याला धरते तिथे किंचित दाबून घट्ट केली.

दादा झाकण उघडतो, अंगठा बाराच्या तीन टिपक्यांवर ठेवतो, पहिलं बोट फिरवतो. “चार वाजून इस मिनटं.” चांदसाहेबांनी भिंग काढून डोळे पुसले. मी मात्र इतकी थकले होते की काहीच वाटलं नाही. आनंद व्हायला हवा होता. उद्या होईल.

सोमवार, २२ एप्रिल

परीक्षेचा पहिला दिवस. दादा धुतलेला सदरा आणि पलटणीची चड्डी घालून घंटेचा रूळ टांगलेल्या लिंबाखाली उभा राहिला, अगदी पहाऱ्यावर असल्यासारखा. मोठ्या बाई कचेरीतल्या घड्याळासमोर खुर्ची टाकून बसल्या. मी चौथीला भूगोल शिकवत होते. काय शिकवलं देव जाणे. नऊच्या नऊ घंटा वेळेवर.

घरी येताना दादा म्हणाला, “चाललं न्हवं तुजं घड्याळ.” अजून तुझंच म्हणतो. सवय व्हायला वेळ लागेल.

बुधवार, २४ एप्रिल

मधल्या सुट्टीची घंटा दोन मिनिटं उशिरा. संस्कृतच्या बाईंनी दादाला थांबवून विचारलं, युद्धात काय काय पाहिलंत? तो म्हणाला, “बाई, दिसत हुतं तवर लय पाहिलं.” त्यात उशीर झाला. मोठ्या बाईंनी चूक दादाच्या नव्हे, संस्कृतच्या बाईंच्या नावावर धरली.

शनिवार, २७ एप्रिल

पास. मोठ्या बाईंनी स्वतः त्याला सांगितलं, “हंबीरराव, दहा जूनपासून या. आमच्या जुन्या शिपायापेक्षा तुमची घंटा वेळेवर असते.”

दादाने टाच जुळवून सलाम केला. “बरं, बाई.”

आज पत्राचं सांगायचं ठरवलं होतं. पण घरी आईने शिरा केला होता, चांदसाहेब येऊन गेले, दादाच्या चेहऱ्यावर ऊन पडलं होतं. इतक्या मेहनतीने जागा मिळाली. आता ते पत्र वाचून दाखवणं म्हणजे मिळालेल्या ताटाशेजारी दुसरं ताट मांडून ‘ऊठ’ म्हणणं. दोन दिवसांनी सांगते.

गावी, रविवार, १२ मे

सुट्टीत गावी आलो. आबांनी घड्याळ कानाला लावलं, हातात तोललं, पण बोट लावायला तयार होत नाहीत. मोडेल म्हणतात. पारावर दादाला कुणी ‘सरकारी हंबीरराव’ म्हणालं. गेली चार वर्षं या भागात पोरं भूमिगत होती, आणि हा सरकारच्या पलटणीत. दादा म्हणाला, “व्हय, आता बायकांच्या सरकारात हाय. घंटा बडिवतो.” पार हसला. मला ते हसू आवडलं नाही.

दादाने इथे आबांची, काकांची, शेजारच्या शालूबाईची अशा तीन खाटा विणून दिल्या. गावातली पोरं बघायला बसतात. तो त्यांना गाठ शिकवतो, हात धरून. म्हणतो, “डोळं मिट. मिटल्याबिगर गाठ कळत न्हाई.” त्याला जरा विश्रांती घे म्हटलं तर ऐकत नाही.

आई आज विहिरीवर म्हणाली, “तू त्याला लय जपतीस बने. त्यो काय अंडं हाय?” मी पोहरा ओढत राहिले.

शुक्रवार, ३१ मे

आज एकतीस. दिवसभर डोकं दुखत होतं.

सातारा, सोमवार, १० जून

शाळा उघडली. पहिली घंटा दादाची. नव्या मुली त्याला ‘घंटामामा’ म्हणू लागल्या. सगळं मनासारखं झालं आहे. मी हे मनापासून लिहिते आहे, आणि लिहिताना पुन्हा वाचून बघते आहे.

रविवार, १६ जून

आज दादाचा पलटणीतला सोबती बिराप्पा आला. जतकडचा धनगर, कानडी वळणाचं बोलतो. त्याचा एक डोळा पूर्ण गेला, दुसऱ्याला उजेडाएवढं दिसतं. डेहराडूनला दोघे एका खोलीत होते. खांद्यावर वळकटी. आत न येताच ओरडला, “हंब्या, हैस का मेलास?”

“हाय, हाय. अजून पगार घेतोय.”

दोघे एकमेकांचे खांदे चाचपत बराच वेळ हसत राहिले. दादाला असं हसताना मी इथे पाहिलं नव्हतं. आईने भाकरी टाकली. दादाने घड्याळ दाखवलं. बिराप्पाने ते चाचपून चाचपून पाहिलं, उठावावर नख फिरवलं. “कुणी केलं? लय भारी. डेहराडूनच्या सायबाकडं बी असलं न्हाई.”

“माझ्या भनीनं,” दादा म्हणाला. त्याच्या आवाजात अभिमान होता. तो मला नीट ऐकू आला.

मग बिराप्पा म्हणाला, “बरं, तू कवा निघतोस? मी आज रातच्या गाडीनं चाललो. मला घोंगड्याच्या मागावर घेतलं. तुला खुर्च्यांचा वर्ग दिला म्हणं. सायबानं मला लिवलं हुतं, हंबीररावला बी पत्र धाडलंय, दोगं संगट या.”

मी ताटात कालवण वाढत होते. वाढतच राहिले, ते ताटाबाहेर गेलं.

दादाने मान वर केली नाही. “टपालाला उशीर झाला असंल,” तो म्हणाला. “हिकडचं टपाल काय खरं न्हाई. दंगली, संप.”

“दोन म्हैने?”

“व्हतो रं उशीर.”

बिराप्पा गेल्यावर आई भांडी घेऊन मागे गेली. दादा खाटेवर बसला होता. मी टाचणांतून पत्र काढून आणलं आणि त्याच्यासमोर उभी राहिले. काय म्हणायचं ते सगळं पाठ केलं होतं, सहा एप्रिलपासून रोज. ते सगळं सोडलं. पत्र उघडलं आणि मराठी करून वाचत गेले. तुकडीत सगळ्यांत चांगलं काम, राहायची सोय, एकतीस मे.

“आज तारीख काय?” त्याने विचारलं.

“सोळा जून.”

त्याने घड्याळाचं झाकण उघडलं, दोन्ही चकत्यांवर बोट फिरवलं, बंद केलं. “लय नीट चालतं, बने. पर ह्ये तारीख न्हाई सांगत.”

मग त्याने घड्याळ गळ्यातून काढून उशाशी ठेवलं.  रडू आलं असतं तर बरं झालं असतं. नुसता थकवा आला, हाडांत उतरल्यासारखा.

सोमवार, १७ जून

सकाळी शाळेला निघण्याआधी दादा म्हणाला, “कागद घे. डेहराडूनला लिव.”

मी बसले. त्याने सांगितलं, “पत्र मिळालं. टपालाला उशीर झाला. जागा असंल तर मी यीन, नसंल तर पुढल्या खेपंला. बस. तुज्या इंग्रजीत लिव.”

मी लिहायला लागले. पहिलं वाक्य लिहिलं. दुसऱ्याशी टाक थांबला. मग पुढचं बहीण म्हणून माझ्या नावाने लिहिलं, की पत्र सहा एप्रिललाच आलं होतं, ते माझ्याजवळ होतं, मी त्याला दाखवलं नाही. यात टपालाचा किंवा माझ्या भावाचा काही दोष नाही, तो काम करण्यास पूर्ण समर्थ आहे आणि इथेही एकट्याने करत आहे; जागा असेल तर तो येईल, नसेल तर पुढच्या वेळी. लिहिताना टाक दाबला जात होता, कागद खरवडल्यासारखा आवाज येत होता.

“वाच,” दादा म्हणाला.

मी वाचलं, “पत्र मिळालं. टपालाला उशीर झाला. जागा असेल तर मी येईन, नसेल तर पुढच्या वेळी.”

दादाने हात पुढे केला. मी कागद दिला. त्याने तो उलटा केला आणि मागून बोट फिरवलं, वरच्या कडेपासून खाली, सावकाश, एक ओळ, दुसरी, तिसरी. माझ्या टाकाने कागदावर मागे उठाव उठले होते.

“मी तीन गोष्टी सांगितल्या,” तो म्हणाला. “ह्या आठ ओळी झाल्या.”

“इंग्रजीत जास्त शब्द लागतात, दादा.”

 शेवटच्या ओळीवरच त्याचं बोट होतं.

“लागत असतील,” तो म्हणाला. “सही कुठं करू, तेवढं दाव.”

मी त्याचं बोट धरून जागा दाखवली. त्याने सही केली, मोठ्या अक्षरात, जरा वर चढत गेलेली. मग उठून घड्याळ गळ्यात घातलं आणि म्हणाला, “चल, घंटंला धा मिनटं ऱ्हायली.” वाटेत त्याने माझा हात धरला नाही, आणि मीही पुढे केला नाही. टपालपेटीपाशी थांबलो तेव्हा पाकीट त्यानेच आत टाकलं.